सुवेझला न गेलेली मशाल

१८६९ च्या वसंतात फ्रान्समधल्या कोलमार गावचा एक शिल्पकार इजिप्तमध्ये उतरला. वय चौतीस. सामानात जलरंगातली चित्रे आणि एक छोटी मूर्ती. मूर्ती होती इजिप्तच्या शेतकरी स्त्रीची : अंगभर घोळदार वस्त्र, डोक्यावरून घेतलेला पदर आणि उंच धरलेल्या हातात मशाल. फ्रेदेरिक ऑग्युस्त बार्तोल्दी हा तो शिल्पकार. सुवेझ कालव्याच्या दक्षिण मुखाशी, जिथे कालवा तांबड्या समुद्राला मिळतो तिथे, ही स्त्री दीपस्तंभ म्हणून उभी करावी, असा प्रस्ताव घेऊन तो इजिप्तचा शासक, खेदिव इस्माईल, याच्या दारी आला होता. पुतळा सुमारे ८६ फूट उंच, त्याखाली ४८ फुटांचा चौथरा. नाव ठरले होते ‘आशियाकडे प्रकाश नेणारा इजिप्त’.

आज न्यूयॉर्कच्या बंदरात उभी असलेली स्वातंत्र्यदेवता जगाने इतक्या वेळा पाहिली आहे, की ती तिथेच असायची होती असे वाटते. तिची कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. ती सुवेझला उभी राहिली असती. फिलाडेल्फियाला गेली असती, बॉस्टनला गेली असती, पॅरिसमध्येच राहिली असती. सतरा वर्षे तिची जागा डळमळत होती, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : पैसे कोण देणार?

बार्तोल्दीला इजिप्त नवा नव्हता. १८५५-५६ मध्ये जेरोम या चित्रकाराबरोबर तो नाईलच्या काठाने हिंडला होता. थीब्सजवळ बसलेल्या मेम्नॉनच्या दोन प्रचंड मूर्ती पाहून त्याच्या मनात भव्य आकाराचे वेड शिरले, ते आयुष्यभर उतरले नाही. हजारो वर्षे टिकायचे असेल तर आकृती साधी हवी, बारकावे कमी हवेत, दुरून एका नजरेत कळायला हवे, हे त्याने तिथे शिकून घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात इस्माईलशी त्याची गाठ पडली आणि कालव्याच्या तोंडाशी एक महाकाय पुतळा, ही कल्पना आकार घेऊ लागली.

इस्माईलसुद्धा भव्यतेचा भुकेला माणूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला, तेव्हा मुंबईसारखीच इजिप्तनेही कापसावर अमाप कमाई केली. तो पैसा आणि त्यावर काढलेली कर्जे, दोन्ही इस्माईलने कैरोला पॅरिसची कळा आणण्यात घातली. १७ नोव्हेंबर १८६९ ला कालव्याचे उद्घाटन झाले तेव्हा फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः आली होती, कैरोत नवे ऑपेरागृह उभे राहिले होते, युरोपभरच्या पाहुण्यांची सरबराई खेदिवच्या खजिन्यातून झाली होती. एवढे सगळे केल्यावर पुतळ्यासाठी पैसे उरले नाहीत. बार्तोल्दीला नकार मिळाला. कालव्याच्या उत्तर टोकाला, पोर्ट सैदला, त्याच वर्षी काँक्रीटचे ५६ मीटर उंचीचे साधे दीपगृह उभे राहिले. ते अजून उभे आहे. दक्षिण टोकाला मशालीची स्त्री आली नाही.

ती आली असती तर? हा प्रश्न आपल्याला परका वाटायचे कारण नाही. कालव्याने मुंबईचे नशीब बदलले. आफ्रिकेला वळसा घालून लंडनला जाण्याचा जुना मार्ग आणि कालव्यातून जाणारा नवा मार्ग यांत सुमारे चाळीस टक्क्यांचा फरक पडला. विलायतेहून मुंबईकडे निघालेली आगबोट भूमध्य समुद्रातून पोर्ट सैदला कालव्यात शिरायची आणि सुवेझला बाहेर पडायची. ‘आशियाकडे’ म्हणजे प्रत्यक्षात एडनकडे, आणि पुढे मुंबईकडे. विलायतेला शिकायला गेलेल्या, वकिली करून परतलेल्या, बडोद्याच्या गायकवाडांपासून साध्या विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येक मराठी प्रवाशाच्या आठवणीत ही मूर्ती असती. आपल्या जुन्या प्रवासवर्णनांत तिच्यासाठी एक परिच्छेद ठरलेलाच असता.

पण त्या परिच्छेदात काय लिहिले गेले असते, हे महत्त्वाचे आहे. कालवा खणायला सुरुवात झाली १८५९ मध्ये. पहिली काही वर्षे हजारो फेलाह, म्हणजे इजिप्तचे गरीब शेतकरी, वेठीला धरून आणले जात. पाळीपाळीने गावेच्या गावे वाळवंटात हाकली जात. इस्माईल गादीवर आल्यावर ही वेठ बंद झाली आणि वाफेवर चालणारी गाळ काढायची यंत्रे आली. तोवर कालव्याच्या पहिल्या खणकामावर त्या शेतकऱ्यांचा घाम आणि प्राण खर्च झाले होते. त्याच फेलाह कुळातली स्त्री, तिच्या हातात युरोपीय शिल्पकाराने दिलेली मशाल, आणि तो प्रकाश निघाला आहे आशियाला उजळायला. बार्तोल्दीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्या काळच्या फ्रेंच उदारमतवाद्यांचा प्रगतीवर मनापासून विश्वास होता. पण प्रकाश नेणारा कोण आणि अंधारात कोण, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. असल्या पुतळ्याखालून जाताना आपल्या विचारी माणसांना तो बोचल्याशिवाय राहिला नसता.

इजिप्तला तर तो फारच बोचला असता. कर्जाखाली दबलेल्या इस्माईलने १८७५ मध्ये कालव्यातले आपले १,७६,६०२ शेअर ब्रिटिश सरकारला सुमारे ४० लाख पौंडांना विकले. १८७६ मध्ये त्याचा खजिना दिवाळखोर ठरला, १८७९ मध्ये तुर्की सुलतानाने त्याला पदच्युत केले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौजेने इजिप्त ताब्यात घेतला. कालवा इजिप्तच्या जमिनीतला, पण मालकी परक्यांची, अशी स्थिती पुढे तीन पिढ्या राहिली. या साऱ्या काळात सुवेझच्या मुखाशी उभी असलेली ती स्त्री कोणाची ठरली असती?

याचे उत्तर कल्पनेवर सोडायची गरज नाही, कारण कालव्यावर एक पुतळा खरोखरच उभा होता. कालव्याचा कर्ता फर्दिनां द लेसेप्स याचा भव्य पुतळा १८९९ मध्ये पोर्ट सैदला उभारला गेला. हात कालव्याकडे पसरलेला, जणू येणाऱ्या जहाजांना आत या म्हणतो आहे. २६ जुलै १९५६ ला अलेक्झांड्रियाच्या सभेत गमाल अब्देल नासेरने कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्या भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव उच्चारताच कालव्याची कचेरी ताब्यात घ्यायची, असा संकेत ठरला होता, म्हणून नासेरने ते नाव पुन्हा पुन्हा घेतले. मग ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलचा हल्ला झाला आणि जागतिक दबावाखाली परक्या फौजांना माघार घ्यावी लागली. त्या डिसेंबरात, शेवटचे सैनिक बोटीत चढताच, पोर्ट सैदच्या लोकांनी लेसेप्सचा पुतळा सुरुंग लावून चौथऱ्यावरून उडवला.

बार्तोल्दीची मशालवाली सुवेझला असती तर तिची गत निराळी झाली असती असे मला वाटत नाही. आणि समजा १९५६ मध्ये ती वाचली असती, तरी पुढची पाळी टळली नसती. १९६७ नंतर कालव्याची पूर्व बाजू इस्रायली सैन्याकडे, पश्चिम बाजू इजिप्तकडे आणि त्या पश्चिम काठावरच सुवेझ शहर. कालवा आठ वर्षे बंद होता. तोफांच्या माऱ्याने शहर उद्ध्वस्त झाले, बहुतेक रहिवाशांना तिथून हलवावे लागले. अशा जागी ऐंशी-पंच्याऐंशी फूट उंच पुतळा किती दिवस टिकला असता?

इकडे बार्तोल्दी हात हलवत फ्रान्सला परतला. वर्षभरात प्रशियाशी युद्ध पेटले. त्याने राष्ट्रीय रक्षक दलात काम केले, गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांबरोबरही तो राहिला. फ्रान्स युद्ध हरला आणि अल्सास प्रांताबरोबर त्याचे कोलमार जर्मनीत गेले. जन्मगाव परके झालेला हा माणूस १८७१ च्या जूनमध्ये अमेरिकेला निघाला. एदुआर द लाबुले या कायदेपंडिताने फ्रेंच जनतेकडून अमेरिकेला स्वातंत्र्याचे स्मारक देण्याची कल्पना मांडली होती. त्या कामासाठी जागा आणि माणसे शोधायची होती. जहाज न्यूयॉर्कच्या खाडीत शिरताना त्याला बेडलोज नावाचे छोटे बेट दिसले. त्यावर ताऱ्याच्या आकाराचा जुना फोर्ट वूड. बंदरात येणारे प्रत्येक जहाज त्याच्यासमोरून जाणार, आणि बेट कोणा एका राज्याचे नाही तर संघ सरकारचे. त्याने तिथल्या तिथे जागा मनात नक्की केली. पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँटना भेटला, आगगाडीने थेट कॅलिफोर्नियापर्यंत फिरून आला. बेट काही डोक्यातून गेले नाही.

सुवेझची चित्रे आणि न्यूयॉर्कच्या पुतळ्याचे पहिले आराखडे शेजारी ठेवले तर नाते लपत नाही. उभे राहण्याची ढब तीच, वर उचललेला हात तोच, दीपस्तंभाची कल्पना तीच. फेलाह स्त्रीचा पदर जाऊन रोमन वस्त्र आले, डोक्यावर किरणांचा मुकुट आला, दुसऱ्या हातात ४ जुलै १७७६ ही तारीख कोरलेली पाटी आली. अमेरिकेत जेव्हा कुजबुज सुरू झाली की इजिप्तने नाकारलेला माल आपल्या गळ्यात मारला जातोय, तेव्हा बार्तोल्दीने ठामपणे नाकारले : खेदिवसाठी आपण एक लहानसा नमुना केला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही. निधी गोळा करायच्या दिवसांत त्याला दुसरे बोलणे परवडणारे नव्हते, हे समजू शकते. तरी मला त्याचे हे म्हणणे पटत नाही. कलावंताची एखादी आकृती मनात रुतली की ती जागा मिळेपर्यंत त्याला सोडत नाही. यात त्याने लाज वाटून घेण्यासारखे काही नव्हते.

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली. फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले. पुतळा तयार नव्हता, म्हणून बार्तोल्दीने फक्त मशाल धरलेला हात पाठवला. पन्नास सेंट देऊन लोक त्या हाताच्या आतून शिडीने चढत आणि मशालीभोवतीच्या सज्जात उभे राहून शहर पाहत. न्यूयॉर्कमध्ये मात्र थंडपणा होता. सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिले की एका हातालाच एवढा पैसा आणि वेळ लागला तर बाकीचा पुतळा कधी यायचा? मग शिल्पकाराच्या बाजूने सूचना झाली की न्यूयॉर्कला नको असेल तर फिलाडेल्फिया तयार आहे. फिलाडेल्फियाचा दावाही काही पोकळ नव्हता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात संमत झाला, लिबर्टी बेल इथलीच. स्वातंत्र्याच्या पुतळ्याला याहून योग्य गाव कोणते, असा प्रश्न त्या शहराने विचारला असता तर त्याला उत्तर नव्हते.

न्यूयॉर्क हलले. दोन शहरांमधली चुरस बार्तोल्दीने नेमकी ओळखली होती. प्रदर्शन संपल्यावर तो हात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये आणून उभा केला गेला, आणि तिथे तो १८८२ पर्यंत राहिला. त्याच प्रदर्शनात बार्तोल्दीचे एक भव्य कारंजेही होते. ते सरकारने सहा हजार डॉलरना विकत घेतले आणि आज ते वॉशिंग्टनमध्ये आहे. एकाच प्रदर्शनातल्या एकाच शिल्पकाराच्या दोन कलाकृती. एक वॉशिंग्टनला गेली, दुसरी न्यूयॉर्कला. उलटेही झाले असते.

१८७७ च्या मार्चमध्ये काँग्रेसने देणगी स्वीकारण्याचा ठराव केला आणि जागा ठरवायचे काम जनरल शर्मनकडे आले. त्याच्यापुढे गव्हर्नर्स बेट आणि बेडलोज बेट असे दोन पर्याय होते. त्याने बार्तोल्दीचा शब्द राखला. कागदावर प्रश्न मिटला. पण करार असा होता की पुतळा फ्रेंचांचा, चौथरा अमेरिकनांचा. फ्रान्समध्ये गावोगावच्या वर्गण्या, लॉटरी, मातीच्या छोट्या प्रतिकृतींची विक्री अशा मार्गांनी पैसे जमत होते. न्यूयॉर्कमध्ये जमत नव्हते. १८८२ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला हा पुतळा हवा आहे अशी बातमी आली, तेव्हा इतकी वर्षे नाक मुरडणारा तोच ‘टाइम्स’ भडकला आणि लिहिता झाला की बॉस्टनच्या बंदरात उभा राहण्यापेक्षा या पुतळ्याचे तुकडे झालेले बरे. पण या संतापाने चौथऱ्याच्या निधीत भर पडली नाही.

पॅरिसमध्ये काम पुढे गेले. रू द शाझेलवरच्या गाजे-गोतिए कारखान्यात लाकडी साच्यांवर ठोकून ठोकून तांब्याच्या पत्र्याला आकार दिला जात होता. पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. दगडाच्या किंवा ओतीव धातूच्या मूर्तीचा विचार केला असता तर खर्च पेलवला नसता. ठोकीव तांब्याचे तंत्र निवडले म्हणून हा आकार शक्य झाला. आतला सांगाडा आधी वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकने आखला. तो १८७९ मध्ये वारला, तेव्हा ग्युस्ताव्ह आयफेलकडे काम गेले. आयफेलने मधोमध लोखंडी मनोरा ठेवला आणि तांब्याचे कातडे त्याला लवचीक पट्ट्यांनी जोडले, म्हणजे वाऱ्यात आणि उन्हात ते हलू शकेल, फुगू शकेल. सांगाड्याला पत्रे जोडायचे आणि सोडवायचे, ही पद्धतच प्रवासाला सोयीची होती. ४ जुलै १८८४ ला पुतळा पॅरिसमध्येच अमेरिकेच्या राजदूताच्या स्वाधीन झाला. पुढचे सहा महिने तो त्या गल्लीतल्या छपरांवरून डोके काढून उभा होता. म्हाताऱ्या व्हिक्टर ह्यूगोने तिथे येऊन तो पाहिला. न्यूयॉर्कचे घोडे आणखी अडले असते तर तो तिथून हलवण्याची घाई कोणाला होती?

चौथऱ्याच्या कामावर मुख्य अभियंता म्हणून नेमलेला माणूस बघा. जनरल चार्ल्स स्टोन. अमेरिकन यादवी युद्धात एका पराभवाचे खापर याच्यावर फुटले, आरोप न ठेवता सहा महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात डांबले गेले, कारकीर्द बुडाली. युद्धानंतर तो इजिप्तला गेला आणि तेरा वर्षे खेदिवच्या सैन्याचा प्रमुख स्टाफ अधिकारी राहिला. ज्या इस्माईलने पुतळा नाकारला त्याच्याच पदरी राहून परतलेला हा माणूस आता त्या पुतळ्याच्या पायाचे काँक्रीट ओतत होता. असे योगायोग इतिहासात विरळाच.

पण १८८४ च्या अखेरीस स्टोनचे काम थांबले. न्यूयॉर्कचा गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड याने राज्याच्या खजिन्यातून ५० हजार डॉलर देण्याचे विधेयक नामंजूर केले होते. वॉशिंग्टनहून एक लाख डॉलर मागितले, तेही मिळाले नाहीत. चौथऱ्यासाठी निधी जमवणाऱ्या अमेरिकन समितीच्या खात्यात जेमतेम तीन हजार डॉलर उरले. बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि इतर शहरांतले लोक पुन्हा पुढे आले : सगळा खर्च आम्ही करतो, पुतळा आम्हाला द्या. तिकडे जानेवारी १८८५ पासून पॅरिसमध्ये पुतळा उतरवून २१४ पेट्यांत भरला जात होता. २१ मे रोजी ‘इझेर’ हे फ्रेंच जहाज त्या पेट्या घेऊन रुआँहून निघाले आणि १७ जूनला न्यूयॉर्कला लागले. चौथरा अर्धवट होता. पेट्या बेटावर उतरवून ठेवल्या.

माझ्या मते हा पुतळ्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ. उभारलेले स्मारक हलवणे कठीण असते. पेटीतले स्मारक हलवायला एक आगबोट पुरते. त्या उन्हाळ्यात निधी जमला नसता तर २१४ पेट्या बॉस्टनला नेणे हे एका रात्रीच्या समुद्रप्रवासाचे काम होते.

जोसेफ पुलित्झरने हे होऊ दिले नाही. हंगेरीत जन्मलेला, सतराव्या वर्षी खिशात काही नसताना अमेरिकेत आलेला हा माणूस दोन वर्षांपूर्वीच ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चा मालक झाला होता. १६ मार्च १८८५ ला त्याने हाक दिली : हा पुतळा फ्रान्सच्या श्रीमंतांनी अमेरिकेच्या श्रीमंतांना दिलेला नाही, सामान्य जनतेने जनतेला दिला आहे, तेव्हा कोट्यधीशांची वाट पाहू नका. कितीही छोटी रक्कम दिलीत तरी नाव छापीन, असा त्याने शब्द दिला आणि पाळला. कचेरीतल्या पोऱ्याने पाच सेंट पाठवले. मुलांनी सर्कशीसाठी साठवलेला डॉलर दिला. आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावच्या बालवाडीने १ डॉलर ३५ सेंट धाडले. यातून ‘वर्ल्ड’चा खपही वाढला, हे खरे आहे, आणि पुलित्झरला ते हवेही होते. त्यामुळे त्या देणग्यांचे मोल कमी होत नाही. ११ ऑगस्टला आकडा जाहीर झाला : सुमारे १ लाख २ हजार डॉलर, देणारे १ लाख २० हजार लोक. त्यांतल्या बहुसंख्यांनी एका डॉलरहूनही कमी दिले होते.

याच वर्षांत एक मराठी मुलगी या साऱ्याच्या अगदी जवळून गेली. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा बेडलोज बेटावर जुना किल्ला होता, पुतळा नव्हता. त्या शिकल्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे पुतळ्यावर दावा सांगणाऱ्या शहरात. मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई विलायतेहून फिलाडेल्फियाला आल्या होत्या. पुतळा १८७६ मध्येच तिकडे गेला असता तर या दोघींना तो त्याच शहरात भेटला असता. तसे झाले नाही. आजारी आनंदीबाई ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कहून परतीच्या बोटीत चढल्या तेव्हा चौथऱ्यावर पुतळा जवळपास पुरा उभा होता. त्याचे अनावरण झाले २८ ऑक्टोबरला, त्या निघून गेल्यावर. त्यांची पुढची वाट सुवेझ कालव्यातून मुंबईला जात होती. म्हणजे पुतळ्यासाठी निवडलेली पहिली जागा आणि त्याला मिळालेली शेवटची जागा, दोन्ही त्या एकाच प्रवासात मागे पडल्या. १६ नोव्हेंबरला त्या मुंबईत पोहोचल्या.

अनावरणाच्या दिवशी पाऊस आणि धुके होते. स्टोन मिरवणुकीचा प्रमुख होता. निधी नाकारणारा क्लीव्हलँड आता राष्ट्राध्यक्ष होता आणि त्यानेच पुतळा स्वीकारला. लाबुले तीन वर्षांपूर्वी वारला होता, त्यामुळे फ्रेंच समितीच्या वतीने बोलायला कोण उभे राहिले, तर लेसेप्स. ज्याच्या कालव्याच्या तोंडाशी ही मूर्ती उभी राहायची होती, तोच तिच्या पायथ्याशी उभा राहून भाषण करत होता. बेटावर पाहुण्यांत बायका जवळजवळ नव्हत्याच : बार्तोल्दीची पत्नी आणि लेसेप्सच्या घरातली एक मुलगी. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी बोट भाड्याने घेऊन बेटाभोवती फेऱ्या मारल्या आणि निषेध केला. ज्या देशात स्त्रीला मत नाही तिथे स्वातंत्र्याला स्त्रीचे रूप कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. तो रास्त होता.

त्या दिवशीच्या भाषणांत स्थलांतरितांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. आज हा पुतळा म्हटले की तेच आठवतात, याला दोन कारणे आहेत, एक पैशाचे आणि एक जागेचे. चौथऱ्याचा पैसा जमत नव्हता म्हणून १८८३ मध्ये एक लिलाव ठेवला गेला, आणि त्यासाठी एमा लॅझरसकडे कविता मागितली गेली. पैशाची अडचण नसती तर ती कविता लिहिलीच गेली नसती. लॅझरस तेव्हा रशियातून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी काम करत होती. तिच्या ओळींनी या स्त्रीला निराश्रितांची आई केले. तिच्या मृत्यूनंतर १९०३ मध्ये त्या ओळींची कांस्यपट्टी चौथऱ्यात बसवली गेली. दुसरे कारण एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे केंद्र. ते १८९२ मध्ये शेजारीच सुरू झाले आणि त्यातून सुमारे एक कोटी वीस लाख लोक अमेरिकेत शिरले. पुतळा बॉस्टनला असता तर तो क्रांतीचे स्मारक झाला असता, फिलाडेल्फियाला असता तर जाहीरनाम्याचे. ऐन समुद्रावर, आगबोटीच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाचा तो झाला नसता. दीपगृह म्हणून तर तो अपयशीच ठरला. दिवा फार मंद होता आणि १९०२ मध्ये ते काम त्याच्याकडून काढून घेतले गेले.

आता एक शेवटची गोष्ट. इजिप्तला जायचा पुतळा न्यूयॉर्कला आला, तसा इजिप्तचा एक स्तंभही तिथे आला. तिसऱ्या थुतमोसने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोरवलेला, पुढे रोमनांनी अलेक्झांड्रियाला नेलेला अखंड ग्रॅनाइटचा ओबेलिस्क. १८६९ मध्ये कालव्याच्या उद्घाटनाच्या दिवसांत इस्माईलने तो अमेरिकेला देण्याची गोष्ट काढली, १८७९ मध्ये तो दिला गेला आणि २२ जानेवारी १८८१ ला सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. तो आणण्याचा खर्च सुमारे एक लाख डॉलर आला आणि तो विल्यम व्हँडरबिल्ट या एकाच धनिकाने उचलला. चौथरा पुरा करायला जवळपास तेवढीच रक्कम हवी होती, तेव्हा असा धनिक पुढे आला नाही. ती दिली एक लाख वीस हजार माणसांनी.

मुलांकडे न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी आईबापांची संख्या आता मोठी आहे, आणि स्वातंत्र्यदेवतेची फेरी त्यांच्या यादीत असतेच. त्यांनी त्याआधी एक सकाळ या ओबेलिस्कसाठी काढावी. मेट्रोपोलिटन म्युझियमच्या अगदी मागे, बागेत तो उघड्यावर उभा आहे. पाहायला तिकीट लागत नाही.